वहीच्या शिवणीत

११ फेब्रुवारी, शनिवार

आज एक काम केलं. ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितेय. ही डायरी लेकीने दोन वर्षांपूर्वी दिली होती. "आई, मनातलं लिहीत जा." माझ्या मनात काय असतं, डोंबल! कुणाची पँट किती आखूड करायची आणि कुणाचा ब्लाउज किती सैल. तेव्हापासून हिच्यात गिऱ्हाइकांची मापंच लिहिली.

आज ह्यांच्या नोंदवहीत खोडरबर फिरवला.

हे छत्तीस वर्षं वेधशाळेत निरीक्षक होते. ठरल्या वेळेला थर्मामीटर बघायचं, वारा बघायचा, ढग बघायचे आणि लिहायचं. निवृत्त झाले तरी खोड जाईना, मग स्वयंपाकघराच्या खिडकीची वेधशाळा केली. चौकटीला थर्मामीटर, समोर अंगणातली तुती, वर छज्ज्याखाली पाकोळ्यांचं घरटं. सकाळचं ऊन भिंतीवर कुठवर येतं त्याच्या पेन्सिलीच्या रेघा माझ्या मसाल्याच्या डब्यांमागे आहेत. रोज सकाळी आठला एक ओळ. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. दर एक तारखेला पानांचे फोटो लेकीला जातात. ती लांब असते, पण खिडकीत कुठला पक्षी आला ते तिला ठाऊक असतं.

आज ह्यांनी लिहिलं, "तुती : शेवटची पानं गळाली." मी चहा देताना वाचलं आणि बाहेर पाहिलं. फांद्याफांद्यांवर हिरव्या कळ्या टरारून आलेल्या. पानं गळून दोन महिने झाले.

"अहो, हे काय लिहिलंत?"

झाडाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा असा, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन्सिल ठेवली आणि आंघोळीला गेले.

वेधशाळेचा नियम मला पाठ आहे. चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची, वर खरं लिहायचं, बाजूला सही करायची. खोडायचं नाही. ह्या घरात खोडरबरला बंदी आहे. पण माझ्या मशीनच्या खणात आहे एक, कागदी नमुन्यांवर लागतो. तो काढला. "कळ्या फुगल्या" असं लिहिलं, हुबेहूब ह्यांच्या अक्षरात. मी तीस वर्षं लोकांचे कपडे उसवून शिवते. कुठे उसवलं ते दिसलं, तर ती कारागिरी कसली?

चष्म्याचा नंबर वाढला असणार. दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

रविवारी हे आठवड्याच्या ओळी तपासतात. आज वही घेऊन बसले. एकेक पान धरून मागच्या बाजूने अंगठा फिरवत होते. जुनीच सवय असेल. मी शेंगा सोलत होते, त्यातली सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात. शेवटी वही मिटली. म्हणाले, "ठीक आहे."

जीव भांड्यात पडला.

मग दोन पेन्सिलींना टोक केलं. मी म्हटलं, दोन कशाला? म्हणाले, "असू दे."

८ मार्च

काल ह्यांनी परवाचाच आकडा पुन्हा लिहिला होता. आज वार चुकला. दोन्ही दुरुस्त केले.

आज जेवताना ह्यांनी जुनी गोष्ट काढली. अपेंडिक्स कापायला दवाखान्यात होते तेव्हा जागेवर बदली निरीक्षक आला होता. त्याने आकडे अगदी बरोबर लिहिले, पण ओळीशेजारी 'ब' लिहिला नाही. ब म्हणजे बदली. ह्यांनी साहेबांपर्यंत भांडण नेलं. "आकडा एखादा चुकला तर चालेल, पण कुणी पाहिलं ते कळलं पाहिजे. नाहीतर त्या वहीला अर्थ काय?"

ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. आज जेवण होईतो दोनदा ऐकली.

२६ मार्च

पाकोळ्या आल्या. वहीत ह्या महिन्यात त्या तीनदा आल्यात. सहा तारखेला, पंधराला आणि आज. प्रत्येक वेळी मला हाक मारून बोलावलं. "अगं, ये ये, लवकर ये!" प्रत्येक वेळी तोच आनंद. मी तिन्ही वेळा पदराला हात पुसत धावत गेले आणि "अगंबाई, आल्या का!" म्हटलं. आणखी काय करणार?

सहाची ओळ ठेवली. बाकीच्या दोन खोडल्या. खोटं काय लिहिलं होतं त्यांनी? आल्या होत्याच की.

९ एप्रिल, रविवार

तुतीला फळं लागून अंगणभर जांभळा सडा पडलाय. वाळत घातलेल्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर तीन डाग. डोकं फिरलं होतं, त्यात ह्यांनी खिडकीशी बोलावलं आणि शिकवायला सुरुवात केली.

"डोळा पाऱ्याच्या पातळीत आण. वरून पाहिलंस तर एक अंश जास्त दिसतो."

"मला काय करायचंय तुमचा पारा? माझाच चढलाय."

"वाक जरा. हं. आता वाच."

वाचला. "सत्तावीस." तर म्हणतात, "साडेसव्वीस. घाई करतेस." मास्तरकी गेली नाही अजून. आणि खरंच साडेसव्वीसच होता.

१८ जून

लेकीचा फोन. तिच्या मैत्रिणीचे वडील घरचा पत्ता विसरले, पोलिसांनी आणून सोडलं. "आई, बाबांची वही बघून मला किती बरं वाटतं म्हणून सांगू! त्यांचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. काही वेगळं वाटलं तर सांगशील ना गं?"

म्हटलं, "सांगेन की."

फोन ठेवला. काय सांगणार होते? सांगितलं की ती दुसऱ्या दिवशी दारात. मग डॉक्टर, तपासण्या, तिच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात रवानगी. तिथे तुती नाही, पाकोळ्या नाहीत. हे तिथे चार दिवसांत कोमेजतील. इथे निदान सकाळी आठला उठून बसायला कारण आहे.

वय झालं की होतंच थोडंफार. मीही परवा फ्रिज उघडून उभी राहिले होते की कशाला आले म्हणून.

१३ ऑगस्ट, रविवार

आज भांडलो. म्हणजे मी भांडले. हे तपासणी करत होते, अंगठा फिरवत. एकदम विचारलं, "काल किती वाजता पाहिलंस?"

"काय पाहिलं?"

"आठला पाहायचं. नऊला पाहिलेलं आठचं म्हणून लिहायचं नाही."

"मी कशाला पाहू तुमचं थर्मामीटर? घरातली कामं काय कमी आहेत का मला?" एवढ्या मोठ्याने ओरडले की छज्ज्याखालच्या पाकोळ्या उडाल्या.

"बरं," एवढंच म्हणाले.

खरं तर काल नऊलाच पाहिलं होतं. दूध उतू गेलं, ते पुसत बसले. हल्ली आठवड्यातल्या तीन-चार ओळी माझ्याच असतात. ज्या माणसाला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आवाज चढवला. लाज वाटते.

२४ सप्टेंबर

पाकोळ्या गेल्या. ह्यांनी लिहिलं नाही, मी लिहिलं. घरटं रिकामं आहे हे मला कळायलाही तीन दिवस लागले. तारीख अंदाजाने टाकली.

रात्रीचं जेवण झालं तरी "जेवायचं कधी?" म्हणून दोनदा विचारलं. चिडतात फार. स्वतःवरच चिडतात, कपाळावर मूठ मारून घेतात. मी हात धरते. हातात अजून ताकद आहे, मला आवरत नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

आज हे वही घेऊन खूप वेळ बसले. मी खिडकीशी सुईत दोरा ओवत होते, तो काही जाईना.

"हे जमेल ना तुला?"

मी म्हटलं, "जमतं की, चष्मा लावल्यावर."

"सगळं जमेल?"

"सगळं जमेल हो. तुम्ही चहा घ्या, गार होतोय."

चहा घेतला. पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्या मशीनवर आणून ठेवली. तिथे तिचं काय काम? मी पुन्हा नेऊन वहीजवळ ठेवली.

२२ ऑक्टोबर, रविवार

किती दिवसांनी आज बरा दिवस गेला. एकदाही चिडले नाहीत. रविवार असून वही मागितली नाही. उन्हात खुर्ची टाकून दिली, तिथे तुतीकडे पाहत शांत बसून होते. मध्येच माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. गेल्या आठवड्यापासूनच हा फरक दिसतोय. मी उगाच घाबरत होते. उतार पडलाय म्हणायचा. रात्री नीट जेवले, मीही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१० डिसेंबर

तुतीची पानं पिवळी पडून गळतायत. आता रोजची ओळ मीच लिहिते. हे खिडकीशी बसतात, पण पेन्सिल हातात दिली तर तशीच धरून ठेवतात.

एवढी वर्षं ह्या झाडाला शिव्या देत कपडे वाळत घातले. आता पानं मोजते. उत्तरेकडची फांदी आधी उघडी पडते, शेंड्याला सगळ्यात शेवटी. ऊन डब्यांमागच्या सगळ्यात लांबच्या रेघेकडे सरकतंय. हे सगळं ह्यांना सांगते. "हो का?" म्हणतात, पाहुण्याच्या घरी म्हणावं तसं. मी काय करू? काही केल्या काही होत नाही. निदान ओळ तरी लिहिते.

२८ जानेवारी

लेक आली. न कळवता आली. ह्यांनी दार उघडलं. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, झटकन बाजूला झाले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खुर्ची पुढे केली.

"या मॅडम, बसा. तपासणी आहे हे कळवलं असतंत तर वह्या काढून ठेवल्या असत्या."

तिला वाटलं चेष्टा करतायत. हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

४ मार्च

लेक काल पुन्हा आली. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ आजचीच मिळाली होती, जाऊन आलो. चांगली बाई आहे, ह्यांच्याशी हळू बोलली. "आजोबा, हा महिना कुठला?" ह्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. "इथून दिसत नाही," म्हणाले.

मग तिने विचारलं, "हे केव्हापासून?"

मी तोंड उघडायच्या आत लेकीने पिशवीतून नोंदवही काढली. तीच घेऊन आली होती, मला पत्ता नव्हता. "बाबा रोज लिहितात. हे बघा, गेल्या आठवड्यापर्यंत सगळं व्यवस्थित आहे."

बाईंनी पानं उलटली. अक्षर स्थिर, तारखा बरोबर, एक खाडाखोड नाही. त्यांनी चष्मा काढला. "हे लिहिणाऱ्या माणसाला जुना आजार असणं शक्य नाही. एवढं सगळं एकदम झालं असेल तर कारण वेगळं असणार. आधी त्या बाजूने शोधू. ॲडमिट करावं लागेल."

हे माझ्या शेजारी ताठ बसले होते. कुणीतरी आपल्या वहीची तारीफ करतंय एवढं त्यांना कळलं होतं. किती महिन्यांनी तो चेहरा असा पाहिला! त्यांच्यासमोर, लेकीसमोर, एक शब्द फुटला नाही.

८ मार्च

दोन दिवस दवाखान्यात. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. तिघांनी धरलं होतं ह्यांना. हे ओरडत होते, "माझी वेळ झाली, मला आठला पोचायचंय, सोडा!" मी बाहेर बाकावर कानांवर हात ठेवून बसले.

ती सुई माझी होती. माझ्या खोडरबरची.

९ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ माझ्या मशीनचं चाक नुसतं फिरवत राहिली.

"आई, एक वर्ष! मी दर महिन्याला फोटो बघून निर्धास्त झोपत होते गं."

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. पुढच्या तपासण्या थांबल्या. बाई म्हणाल्या, वर्षापूर्वी आणलं असतंत तर गोळ्यांनी थोडा काळ सांभाळता आलं असतं, आता काय होतं ते बघू. पण कधी काय बिघडलं ते समजायला हवं. आजोबांच्या ओळी कुठल्या आणि तुमच्या कुठल्या, तेवढ्या खुणा करून पानं पाठवा.

दिवसभर मी वही घेऊन बसले. पहिली ओळ ओळखली, पाकोळ्यांची ओळखली. पुढे सगळं एकच. माझी मला सापडेना. तीस वर्षं जो हात तयार केला, त्यानेच घात केला. लेकीने तीनदा विचारलं, "सापडतंय का?" हात टेकले मी.

१६ मार्च, शनिवार

लेक म्हणाली, नुसती सगळी पानं तरी पाठवू, पण पूर्ण आली पाहिजेत. वही मध्ये जाड दोऱ्याने शिवलेली. कितीही दाबली तरी सपाट होईना, आतली कड दुमडलेलीच राहायची. मी म्हटलं थांब, आणि ब्लेड घेतलं. उसवणं तेवढं मला येतं. एकेक टाका कापला. पानं सुटी झाली.

शिवणीच्या आत, जिथे कधी कुणाची नजर जात नाही तिथे, मुंगीएवढा 'ब'.

११ फेब्रुवारीच्या ओळीशेजारी. पहिल्याच. ८ मार्चशेजारी. पाकोळ्यांच्या दोन खोडलेल्या जागी जे लिहिलं होतं त्यांच्याशेजारी. १२ ऑगस्टला 'ब', आणि त्याच्यापुढे त्याहून बारीक, "९ वा." एकही चुकवला नव्हता. कागदाच्या मागून अंगठा फिरवून बघितला. माझ्या ओळी टोचतात. मी खडूने कापडावर आखते तशी दाबून लिहिते. ह्यांचा हात हलका.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाऱ्याला डोळा कसा लावायचा ते उगाच शिकवत नव्हते. दोन पेन्सिली. माझ्या मशीनवर आणून ठेवलेली ती पेन्सिल, जी मी उचलून परत ठेवली. मला बदलीवर घेतलं होतं आणि मला कळलं नाही. एका शब्दाने बोलले नाहीत. मी तरी कुठे बोलले?

लेक आणि मी जमिनीवर पानं पसरून मोजत गेलो. शहाण्णव 'ब'. शेवटचा १४ ऑक्टोबरचा. त्यानंतर पुढची सगळी पानं पाहिली, उजेडात धरून पाहिली. ओळी जवळजवळ सगळ्या माझ्याच, पण एकाही ओळीला खूण नाही.

लेक म्हणाली, "म्हणजे पंधरा ऑक्टोबरचा रविवार शेवटचा. त्यानंतर त्यांना कळेनासं झालं. आई, त्या आठवड्यात काय झालं होतं? काही आठवतंय?"

आत जाऊन ही डायरी काढली. २२ ऑक्टोबर. माझ्याच अक्षरात, "किती दिवसांनी आज बरा दिवस गेला."

तिला वाचून नाही दाखवलं. पान उघडं ठेवून तिच्या हातात दिलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

संध्याकाळी पानं पुन्हा शिवली. मुद्दाम लाल दोरा घेतला. दिसू दे कुठे उसवलं ते. आजची ओळ सकाळी आठलाच पाहिली होती, ती लिहिली. "किमान १९. वारा नाही. तुतीला फळ धरलं, अजून हिरवं. पाकोळ्या आल्या, दोन." शेजारी 'ब' घातला, चांगला ठळक. मग त्यांना हाक मारली, "अहो, आल्या बघा!" आले. खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी बोट करत होते, ते माझ्या बोटाकडे बघत होते.

उद्या रविवार. वही त्यांच्यापुढे ठेवणार आहे. ठेवून तर बघते.